‘वीप नॉट, चाइल्ड’ : वासाहतिक आकस आणि शाळकरी मुलाचा छळ

प्रस्तावना :
केनियन कादंबरीकार न्गुगी वा थिओंगो (१९३८–२०२५) यांची ‘वीप नॉट, चाइल्ड’ ही इंग्रजी कादंबरी १९६४ मध्ये प्रकाशित झाली. केनियात १९५२ मध्ये पुकारलेली आणीबाणी व माऊ माऊ लढा ही तिची पार्श्वभूमी होय. सत्ताधाऱ्याचा आकस एका शाळकरी मुलावर का कोसळतो, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन :
हाउलँड्स हा गोरा जमीनमालक पहिल्या महायुद्धानंतर केनियात येतो. दुसऱ्या महायुद्धात त्याचा मुलगा पीटर मरण पावतो आणि जमीन हेच त्याचे सर्वस्व बनते. या जमिनीवर न्गोथो मजूर म्हणून राबतो. वास्तविक ती त्याच्या पूर्वजांची आहे. न्गोथोचा मुलगा म्वांगीही त्याच महायुद्धात मारला गेला आहे. दोन्ही बापांचे दुःख सारखेच. सत्ता मात्र एकाच्याच हाती आहे.

आणीबाणीत हाउलँड्स जिल्हा अधिकारी होतो. जेकोबोच्या खुनानंतर न्गोथोचा धाकटा मुलगा न्जोरोगे याला शाळेतून ठाण्यावर आणले जाते. हाउलँड्स स्वतः त्याचा अमानुष छळ करतो. माहिती काढणे हे निमित्त असते. न्जोरोगेचा खरा अपराध न्गोथोचा मुलगा असणे एवढाच. ज्या साम्राज्याच्या युद्धात पीटर गेला, त्याला जाब विचारणे हाउलँड्सला शक्य नाही. हाती सापडतो तो हा मुलगा. शिवाय तो जमिनीचा भावी हक्कदार आहे. त्यामुळे हा छळ केवळ संतापाचा उद्रेक न राहता जमीन राखण्याचे साधन ठरतो.

छळकर्त्याचे दुःख दाखविल्याने त्याचे क्रौर्य सौम्य होते काय? तसे होत नाही. भावाच्या मृत्यूने पेटलेला बोरोही अखेर हाउलँड्सला ठार करतो. तथापि त्याच्यामागे ना कायदा आहे, ना ठाणे. हा भेद लेखकाने कोठेही पुसलेला नाही.

समारोप :
२०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने केनियातील छळाबद्दल खेद व्यक्त केला आणि ५,२२८ दावेदारांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड मान्य केली. न्जोरोगेची हानी अशा हिशेबात मावणारी नाही. शिक्षणाने देश घडेल ही त्याची श्रद्धाच नष्ट होते. आत्महत्येसाठी निघालेल्या मुलाला आई घरी परत आणते. परंतु त्याची शाळा कायमची सुटलेली असते. वसाहतवादाचे मूल्यमापन करताना ही हानीही जमेस धरली पाहिजे, हेच या कादंबरीचे महत्त्व होय.