वरोआ कोळी आणि मधमाशीचे आंत्रजीवाणू : एका अनुमानाची चिकित्सा

वरोआ कोळ्याने ग्रासलेल्या मधमाश्यांच्या आतड्यातील जीवाणूसमूह बदललेला आढळतो. यावरून कोळीच त्याचे कारण होय, असे अनुमान काढले जाते. ते घाईचे आहे. हा कोळी आतड्यात शिरत नाही. प्रौढ माशीच्या मेदऊतीवर तो पोसतो, हे २०१९ साली दाखविले गेले. त्याची वीण झाकणबंद घरातील कोषावर होते. पण कोषातून नुकत्याच निघालेल्या माशीचे आतडे जवळजवळ जीवाणुरहित असते. स्नॉडग्रासेला, गिलियामेला हे जीवाणू तिला पुढील काही दिवसांत पोळ्यातील सहवासातून लाभतात. तेव्हा परिणाम असलाच, तर तो प्रतिकारशक्तीचा ऱ्हास वा विषाणूंचा प्रसार अशा आडमार्गाने होत असला पाहिजे.

शिवाय आहार आणि कोळीनाशक औषधे यांनीही हा समूह बदलू शकतो. बारामती-इंदापूरच्या डाळिंबबागांत परागीभवनासाठी पेट्या ठेवणाऱ्यास हा भेद महत्त्वाचा आहे. सभोवती ऊसच असता फुलोऱ्याची उणीव हे कारण ठरल्यास, केवळ औषधाने काय साधणार? वरोआचा मूळ यजमान आशियाई माशी, म्हणजे आपली सातेरी. निष्कर्ष मात्र बहुधा मेलिफेरावरचे. दोहोंची तुलना एकाच फुलोऱ्यावर, औषधाविना झाल्यावाचून हे अनुमान सिद्धान्तपदास पोचत नाही.