तडे शोधणारा ‘अँडी’

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांजवळ अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे सुमारे १८ फूट छप्पर उडता उडता फाटून गेले. एक हवाईसेविका दगावली. ८९,६८० उड्डाणे झालेल्या या विमानात रिव्हेटांच्या ओळीतले बारीक तडे तपासणीतून निसटले होते.

यावर उतारा म्हणून अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९० च्या दशकात ‘अँडी’ हा यंत्रमानव तयार झाला. हवा शोषणाऱ्या पेल्यांनी तो विमानाला चिकटून सरके आणि पत्र्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण करी. तडा आडवा आला की प्रवाहाची वाट बदलते, ते संवेदकाला कळते.

कल्पना झकास. रात्रपाळीत शेकडो रिव्हेटांवरून तोच हात फिरवणारा माणूस कंटाळतो, यंत्र कंटाळत नाही. पण आलेला संकेत तड्याचा की नाही, हे ठरवायला माणूसच लागे. शिवाय चौकशीत मुख्य ठपका आला तो कंपनीच्या देखभाल-व्यवस्थेवर. तिथे अँडी काय करणार? त्या दिवशी विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळचा तडा नुसत्या डोळ्यांनी दिसला होता. त्या कोणालाच काही बोलल्या नाहीत.