गाजलेल्या गाण्यांचे पहिले गळे

पाश्चात्त्य पॉप संगीतात गाणे एकाचे आणि कीर्ती दुसऱ्याची, हा प्रकार १९५० आणि १९६० च्या दशकांत जवळजवळ रीतच होती. बीटल्सची १९६३ ची पहिली एलपी ‘प्लीज प्लीज मी’ घेतली, तरी तिच्यातल्या १४ पैकी ६ गाणी आधी दुसऱ्यांनी गायलेली आहेत. अमेरिकेतल्या लहानमोठ्या कंपन्यांच्या तबकड्या पुढे बीटल्सचा व्यवस्थापक झालेल्या ब्रायन एपस्टाइनच्या लिव्हरपूलमधल्या दुकानात मिळत आणि तिथले तरुण बँड त्या ऐकून आपला संच वाढवत. ही मूळ ध्वनिमुद्रणे आता सहज ऐकता येतात. ती ऐकताना ‘मूळ तेच अस्सल’ असा निवाडा देण्याचा मोह होतो, पण तो दरवेळी टिकत नाही.

‘ट्विस्ट अँड शाउट’ हे गाणे पहिल्यांदा १९६१ मध्ये टॉप नोट्स या जोडगोळीने अटलांटिक कंपनीसाठी गायले. निर्माता होता पुढे नावारूपाला आलेला फिल स्पेक्टर. हे ध्वनिमुद्रण सरळसरळ फसलेले आहे: लय घाईची, लॅटिन ठेक्याचा झोका हरवलेला. गाण्याच्या दोन कर्त्यांपैकी एक असलेला बर्ट बर्न्स त्यावर नाराज होता. त्याने १९६२ मध्ये आयझली ब्रदर्सकडून ते स्वतःच्या देखरेखीखाली गाऊन घेतले आणि तिथे गाण्याला खरा आकार आला. बीटल्सनी उचलला तो आयझली बंधूंचा आराखडा. एकावर एक चढत जाणाऱ्या स्वरांची ती प्रसिद्ध जागाही त्यांचीच. ११ फेब्रुवारी १९६३ च्या दिवसभराच्या ध्वनिमुद्रणात शेवटी, सर्दीने बसलेल्या गळ्याने जॉन लेननने जे ओढून काढले, ते मात्र दोघांकडेही नाही.

‘हाउंड डॉग’ची गोष्ट याच्या अगदी उलट. जेरी लीबर आणि माइक स्टोलर या तरुणांनी ते बिग ममा थॉर्नटनसाठीच रचले. १९५२ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला ते ध्वनिमुद्रित झाले आणि १९५३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत ७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. फुकट खाणाऱ्या, बाहेरख्याली पुरुषाला घराबाहेर काढणाऱ्या बाईचे हे गाणे आहे. थॉर्नटनचा भरदार आवाज, मधूनच येणारी गुरगुर, तिच्याशी सवालजवाब करणारी पीट लुइसची गिटार, या साऱ्यात उपहास आणि अधिकार दोन्ही आहेत. फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज या बँडने १९५५ मध्ये शब्द बदलले. एल्विस प्रेस्लीने लास व्हेगासमध्ये त्यांचे गाणे ऐकले आणि १९५६ मध्ये तीच आवृत्ती जगभर नेली. तिच्यात बाई नाही, पुरुष नाही, उरला तो खरोखरचा कुत्रा. प्रेस्लीच्या आवृत्तीचा जोम निर्विवाद, पण अर्थाच्या दृष्टीने ते पोकळ गाणे आहे. थॉर्नटनच्या वाट्याला हे पुन्हा आले. तिचे ‘बॉल अँड चेन’ १९६७ च्या माँटेरे महोत्सवात जॅनिस जॉप्लिनने बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनीबरोबर गायले आणि ते जॉप्लिनचे होऊन बसले.

या दोन टोकांच्या मधे अलाबामाचा आर्थर अलेक्झांडर येतो. त्याचे ‘यू बेटर मूव्ह ऑन’ रोलिंग स्टोन्सनी घेतले, ‘ॲना’ बीटल्सनी. ‘ॲना’च्या मूळ तबकडीत पियानोवर वाजणारी छोटी सुरावट बीटल्सच्या आवृत्तीत जॉर्ज हॅरिसन गिटारवर जशीच्या तशी वाजवतो. फरक आहे तो गाण्याच्या स्वभावात. लेनन दुःख मोकळेपणी बाहेर काढतो. अलेक्झांडर प्रेयसीला निरोप देताना आवाज चढवतच नाही आणि त्या संयमानेच गाणे अधिक बोचते. इथे मूळ गायक सरस आहे, असे म्हणायला हरकत नाही. पुढे हाच कलावंत संगीत सोडून क्लीव्हलँडमध्ये बस चालवत होता. १९९३ मध्ये तो नव्या एलपीसह परतला आणि त्याच वर्षी वारला.

एवढ्या दर्जेदार तबकड्या मागे का राहिल्या, याचे उत्तर संगीतात कमी आणि व्यवहारात अधिक सापडते. लहान कंपन्यांची वितरणाची ताकद तोकडी आणि रेडिओ वर्णभेदाने विभागलेला. त्यात अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याने एकदा बाजारात आलेले गाणे प्रतीमागे २ सेंट भरून कोणालाही नव्याने ध्वनिमुद्रित करता येई. ते पैसे रचनाकाराचे आणि प्रकाशकाचे. गाणाऱ्याला त्यातले काही नाही. ध्वनिमुद्रणाला स्वतःचे संघराज्यीय संरक्षण मिळाले ते १९७२ मध्ये, आणि तेही ढंगाच्या नकलेला लागू नव्हते. रचनाकाराचे नावच गाळले गेले तर हे २ सेंटही बुडत. जेक होम्सचे ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ १९६७ चे. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या एलपीवर त्याचे श्रेय एकट्या जिमी पेजला होते. होम्स २०१० मध्ये न्यायालयात गेला, तडजोड झाली, आणि पुढच्या प्रकाशनावर ‘प्रेरणा’ म्हणून त्याचे नाव आले. हा शब्द जरा जास्तच सौम्य आहे.

काही वेळा तबकडी तिच्या मायभूमीत पडून राहते आणि परक्या गावात जगते. ग्लोरिया जोन्सचे १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले ‘टेंटेड लव्ह’ अमेरिकेत मागच्या बाजूवर टाकलेले गाणे होते. १९७० च्या दशकात उत्तर इंग्लंडच्या नॉर्दर्न सोल नृत्यगृहांनी ते डोक्यावर घेतले, म्हणूनच ते सॉफ्ट सेल या बँडपर्यंत पोचले. १९८१ मध्ये त्यांनी पितळी वाद्ये काढून सिंथेसायझर आणला, लय उतरवली आणि धावत्या गाण्याचे कुढणारे गाणे केले. हे रूपांतर निव्वळ उसनवारी नव्हे. यूबी४० या बँडची गंमत वेगळी: ‘रेड रेड वाइन’ त्यांनी टोनी ट्राइबच्या रेगे आवृत्तीवरून घेतले आणि ते नील डायमंडचे आहे, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

लंडनची एस रेकॉर्ड्स आणि जर्मनीची बेअर फॅमिली यांसारख्या कंपन्यांनी अशी ध्वनिमुद्रणे नेटकेपणाने पुन्हा प्रकाशित केली आहेत. ‘मूळ आवृत्त्यां’च्या संकलनांची अडचण त्यांच्या निवडीत आहे. निकष असतो नंतरच्या बँडच्या प्रसिद्धीचा, त्यामुळे प्रत्येक गायकाचे तेवढे एकच गाणे आत येते. एकाच गाण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या डोनेजच्या ‘डेव्हिल इन हिज हार्ट’ला ते चालून जाते. अलेक्झांडरच्या किंवा थॉर्नटनच्या बाबतीत त्यांची बाकीची कामगिरी बाहेरच राहते.