बारा सुवर्णांची फसवी बेरीज

2025 च्या मार्चमध्ये ट्रॉन्हाइमला क्रॉस-कंट्री स्कीइंगची जागतिक स्पर्धा संपली, तेव्हा पुरुषांची सहाच्या सहा सुवर्णपदकं नॉर्वेकडे होती आणि महिलांची सहाच्या सहा स्वीडनकडे. बारा शर्यती आणि सोनं फक्त दोन शेजाऱ्यांत. पुरुषांच्या सहाही सुवर्णांमध्ये योहानेस हॉस्फ्लोट क्लेबो होता. चार एकट्याची, दोन साथीदारांसोबतची. आता नोव्हेंबरअखेर फिनलंडमधल्या रुकाला नवा मोसम सुरू होतोय, 2026 च्या फेब्रुवारीत मिलानो-कोर्टिनाचं ऑलिंपिक आहे, आणि मोसमाआधीचे बहुतेक अंदाज हीच बेरीज पुढे ओढून मांडले जातायत. पुरुषांत नॉर्वे, महिलांत स्वीडन, तिसऱ्या जागेसाठी बाकीचं जग.

मला ही बेरीज फसवी वाटते, आणि त्याचं कारण नॉर्वेच्याच इतिहासात आहे. 2001 पासून 2025 पर्यंत जागतिक स्पर्धेत पुरुषांची रिले तेरा वेळा झाली आणि तेराही वेळा नॉर्वेनं जिंकली. त्याच काळात सहा ऑलिंपिक झाली. तिथे हीच रिले नॉर्वेला जिंकता आली फक्त दोनदा, 2002 आणि 2018 मध्ये. 2006 ला इटली, 2010 आणि 2014 ला स्वीडन, 2022 ला रशियन संघ. देश तोच, मेहनतीची पद्धत तीच, बऱ्याचदा माणसंही तीच. योगायोग म्हणून सोडून द्यावा इतका हा फरक किरकोळ नाही.

सर्वांत धडधडीत उदाहरण 2014 च्या सोचीचं. तिथला बर्फ उन्हानं भिजलेला होता आणि नॉर्वेच्या मेणतज्ज्ञांना तो शेवटपर्यंत कळला नाही. पुरुष रिलेत चौथे आले, महिला पाचव्या. ज्या संघात मारित ब्योर्गेन आणि तेरेसे योहाउग होत्या तो संघ पाचवा! दोन्ही रिले स्वीडननं नेल्या. महिलांच्या शर्यतीत शेवटच्या टप्प्याला शार्लोट काला निघाली ती आघाडीपासून सुमारे 25 सेकंद मागे होती. फिनलंड आणि जर्मनीला गाठून तिनं शेवटच्या सरळ रेषेत शर्यत फिरवली.

या खेळात देशांची गाठ पडते ती खरी मेणाच्या गाडीत, हे आपल्याकडच्या प्रेक्षकाच्या चटकन लक्षात येत नाही. क्लासिक शैलीत पाय दोन समांतर खाचांमधून पुढे-मागे सरकतात. स्कीच्या मधल्या भागाला बर्फ धरून ठेवणारं मेण लागतं आणि टोकांना घसरणारं. मुक्त शैलीत पाय तिरके टाकत, स्केटिंग करत जायचं, तिथे सगळीकडे घसरणंच हवं. शर्यतीच्या सकाळी प्रत्येक संघाचे तंत्रज्ञ एका उतारावर उभे असतात. दोघं शेजारशेजारच्या खाचांतून एकाच क्षणी सुटतात. काठ्या मारायच्या नाहीत, अंग वाकवून नुसतं घसरत यायचं. कोण हातभर पुढे सरकला ते बघायचं, खाली आल्यावर स्कींची अदलाबदल करायची, वर चढायचं आणि पुन्हा तेच. ढग आला, ऊन पडलं की आधीचा निकाल बाद. स्पर्धक डझनांनी स्की बाळगतात. त्यातली कुठली जोडी, तळाला कसली नक्षी कोरलेली आणि कुठलं मेण, याचा निर्णय शर्यतीच्या जेमतेम आधी होतो.

2023-24 च्या मोसमापासून फ्लोरिनयुक्त मेणावर संपूर्ण बंदी आली. ओल्या बर्फावर ते मेण अफलातून चालायचं, पण त्यातली रसायनं निसर्गात विरत नाहीत. आता सुरुवातीआधी यंत्रानं स्कीचा तळ तपासतात आणि फ्लोरिन सापडलं तर थेट बाद. बंदीमुळे श्रीमंत आणि गरीब संघांतलं अंतर कमी होईल अशी आशा होती. झालं थोडं उलटंच. हमखास चालणारं रसायन गेल्यावर तळाची नक्षी आणि चाचण्यांची संख्या यांचं महत्त्व वाढलं, आणि जास्त चाचण्या त्यालाच परवडतात ज्याच्याकडे माणसं जास्त.

ऑलिंपिकच्या शर्यती होणार आहेत वाल दी फिएम्मेतल्या तेसेरोला. मैदान समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्याही खाली. फेब्रुवारीच्या दुपारी तिथे ऊन चांगलं लागतं आणि पट्टा बहुतांशी कृत्रिम बर्फाचा. सकाळी काचेसारखा कडक, दुपारी साखरेसारखा सुटा. बर्फाचा हा स्वभाव ट्रॉन्हाइमपेक्षा सोचीच्या जवळचा आहे. नॉर्वेच्या गोटात मेणाची काळजी वाटत असेल तर ती रास्त आहे.

तरीही नॉर्वेच्या पुरुष संघापासूनच सुरुवात करावी लागते. क्लेबो 29 वर्षांचा आहे, विश्वचषकातल्या वैयक्तिक विजयांची शंभरी त्याच्या हाताशी आलीय आणि ऑलिंपिकची पाच सुवर्णं खिशात आहेत. या मोसमाआधी हिवाळी ऑलिंपिकचा विक्रम आठ सुवर्णांचा: ब्योर्न डेली, ब्योर्गेन आणि बायथलॉनचा ओले आइनार ब्योर्नडालेन. म्हणजे तेसेरोला तीन मिळवली की बरोबरी, चार मिळवली की विक्रम त्याचा. त्यात यंदाची वैयक्तिक स्प्रिंट क्लासिक शैलीत आहे, जी त्याच्याइतकी कुणालाच येत नाही. तीव्र चढावर बाकीचे घसरण्याचा क्षणभराचा लाभ घेत पाय टाकतात. हा चक्क धावतो. पावलं आखूड, टाचा उचललेल्या, काठ्या अंगाजवळ, आणि माथ्यावर पोचेपर्यंत मागचे तीन-चार मीटर तुटलेले असतात. सुरुवातीला या धावण्यावर नाकं मुरडली गेली, आज जगभरची पोरं तेच गिरवतायत. हे सगळं घडवणारा प्रशिक्षक म्हणजे त्याचे आजोबा, कोरे हॉस्फ्लोट. महासंघाशी जाहिरातीच्या हक्कांवरून वाजलं तेव्हा 2023 मध्ये क्लेबो राष्ट्रीय संघाच्या कराराबाहेर राहिला, आणि त्याचं काही अडलं नाही.

नॉर्वेचा संघ म्हणजे नक्की काय, हा प्रश्न इथूनच पडतो. ऑलिंपिकमध्ये एका शर्यतीत एका देशाचे चारच. अमुंडसेन, वाल्नेस, न्येंगेट, क्र्यूगर, इव्हर टिल्डहाइम आंडेरसेन, एव्हन नॉर्टुग ही यादी बघा. यातला कुणीही दुसऱ्या बहुतेक देशांत पहिल्या क्रमांकाचा ठरला असता. एके काळी मुंबईच्या रणजी संघात शिरणं हे भारताकडून खेळण्याइतकंच कठीण मानलं जायचं. नोव्हेंबरात बायटोस्टोलेनला होणाऱ्या नॉर्वेच्या सलामीच्या शर्यतींचं तसंच आहे. पण या चुरशीची किंमत असते. फेब्रुवारीत सर्वोत्तम असायला हवं तो माणूस जागा टिकवायला नोव्हेंबरपासूनच जीव तोडून पळतो. क्लेबोला ही भीती नाही. बाकी सगळ्यांना आहे. ऑलिंपिकच्या रिलेत नॉर्वे का अडखळतो याचं मेणाइतकंच मोठं कारण मला हे वाटतं.

नॉर्वेच्या महिलांकडे मात्र आज ही डोकेदुखी नाही, आणि तीच त्यांची डोकेदुखी आहे. योहाउग गेल्या हिवाळ्यात निवृत्तीतून परतली, जानेवारीत अनेक टप्प्यांची टूर द स्की जिंकली, ट्रॉन्हाइमला सुवर्णाविना राहिली आणि पुन्हा थांबली. हायडी वेंग आणि आस्ट्रिड ओयरे स्लिंड दोघीही तिशी ओलांडलेल्या. स्प्रिंटमध्ये क्रिस्टिने स्टावोस स्किस्टाड आहे, जी जिंकायला लागली की थांबत नाही, पण ती स्वतःच्या वेळापत्रकानं चालणारी. दहा वर्षांपूर्वी पदकांचे तिन्ही कप्पे भरणाऱ्या या संघाची पुढची फळी वेळेत तयार झाली नाही.

ती झाली स्वीडनमध्ये. फ्रिडा कार्लसन ज्या सॉलेफ्टेओची, तिथे स्कीइंगचं शिक्षण शाळेतच मिळतं. योन्ना सुंडलिंग, लिन स्वान, माया डालक्विस्ट, एम्मा रिबोम, योहाना हागस्ट्रोम: स्प्रिंटच्या चार जागांसाठी पाच नावं इथेच झाली. लांब पल्ल्याला एब्बा आंडेरसन आणि कार्लसन. आंडेरसनचा वेग घड्याळासारखा. कार्लसन शर्यतीत कधी स्वतःलाच मोडून घेईल सांगता येत नाही, म्हणून मला ती जास्त आवडते. पण स्वीडनचंही ऑलिंपिकचं पुस्तक ट्रॉन्हाइमइतकं चकचकीत नाही. 2022 च्या बीजिंगला याच पिढीनं एकच सुवर्ण आणलं, सुंडलिंगचं स्प्रिंटमधलं. रिलेत कांस्य. यंदा त्या तीन सुवर्णं नेतील असा माझा अंदाज, सहा नाही.

यंदा पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुषांची अंतरं सारखी आहेत. महिलांचीही अखेरची शर्यत 50 किलोमीटरची, क्लासिक शैलीत, सगळ्यांनी एकदम सुटायची. विश्वचषकात हा बदल 2022-23 ला आला तेव्हा जुन्या मंडळींनी कुरकुर केली, प्रेक्षक कंटाळतील म्हणून. ट्रॉन्हाइमची महिलांची पहिली 50 किलोमीटरची शर्यत कार्लसननं जिंकली आणि ती कुणालाही कंटाळवाणी वाटली नसावी.

पुरुषांच्या 50 किलोमीटरला फिनलंडचा ईवो निस्कानेन विसरू नये. 2018 ला प्योंगचांगमध्ये याच शैलीत, याच अंतरावर त्यानं सुवर्ण घेतलं, 2022 ला क्लासिकमध्येच 15 किलोमीटरचं. तो 33 वर्षांचा आहे आणि त्याच्यामागे रांग नाही. फिनलंडबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं सध्या नाही.

फ्रान्सबद्दल आहे. 2014, 2018, 2022 अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या रिलेचं कांस्य फ्रान्सनं घेतलं, आणि तेही एकही क्लेबो नसताना. उगो लापालू लांब पल्ल्याचा, लुका शानावा आणि रिशार जूव्ह स्प्रिंटचे, खालून मातिस देलोजसारखी मुलं येतायत. मोठ्या दिवशी सगळे एकदम चांगले पळतात, हे या संघाचं वैशिष्ट्य. त्याला नशीब म्हणायचं की संघबांधणी, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी संघबांधणी म्हणेन. रिलेत फ्रान्स यंदा एक पायरी वर चढला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

इटलीचं गणित वेगळं, घरचं मैदान आहे. वाल दी फिएम्मेत 1991, 2003 आणि 2013 च्या जागतिक स्पर्धा झाल्या, टूर द स्कीची अखेरची आल्पे चेर्मिसची चढण तिथलीच. प्रत्येक वळण या मंडळींना पाठ आहे. फेदेरिको पेल्लेग्रिनो, 2018 आणि 2022 चा स्प्रिंटचा रौप्यविजेता, 35 व्या वर्षी शेवटचा मोसम खेळतोय. दुर्दैवानं त्याची हुकमी शैली मुक्त, आणि वैयक्तिक स्प्रिंट क्लासिक. त्याला संधी आहे ती सांघिक स्प्रिंटमध्ये. इटालियनांना घरच्या ऑलिंपिकची रिले कशी जिंकतात ते ठाऊक आहे, 2006 ला जिंकली होती. दुसऱ्याच्या घरची कशी हिसकावतात तेही: 1994 ला लिलेहॅमरमध्ये हजारो नॉर्वेजियनांसमोर सिल्व्हिओ फाउनेरनं डेलीला 0.4 सेकंदांनी मागे टाकलं.

अमेरिकेचा संघ आजवर जेसी डिगिन्स या नावाभोवती फिरला. 1976 मध्ये बिल कॉकनं रौप्य मिळवल्यावर पुढचं ऑलिंपिक पदक यायला 42 वर्षं लागली, आणि आलं ते सुवर्णच, 2018 ला डिगिन्स आणि किकन रँडल यांचं. त्यानंतर विश्वचषकाचं एकंदर विजेतेपद डिगिन्सनं तीनदा घेतलं, गेल्या दोन मोसमांत लागोपाठ. हा आपला शेवटचा मोसम असं तिनं जाहीर केलंय. तेसेरोची 10 किलोमीटर शर्यत मुक्त शैलीत, तीस-तीस सेकंदांनी एकेकीनं सुटायची. 2023 ला प्लानित्साला याच प्रकारात ती जगज्जेती झाली होती. वैयक्तिक सुवर्णांपैकी स्वीडनच्या हातून एखादं निसटणार असेल तर ते इथे. पुरुषांत गस शुमाकर आणि बेन ऑग्डेन आहेत. शुमाकरनं 2024 ला मिनियापोलिसच्या गर्दीसमोर विश्वचषकाची शर्यत जिंकली. तरी डिगिन्स गेल्यावर या संघाला पैसा आणि लक्ष कोण मिळवून देणार, याचं उत्तर अजून दिसत नाही.

रशियाचा विषय टाळून हा आढावा पुरा होत नाही. बीजिंगला चार सुवर्णं नेणारा हा देश 2022 च्या मार्चपासून स्पर्धांबाहेर होता, आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाच्या परिषदेनं त्यांच्या खेळाडूंना ऑलिंपिकच्या पात्रतेची दारंही बंद ठेवली. बंदीच्या योग्यायोग्यतेत इथे शिरत नाही. मात्र ट्रॉन्हाइमच्या बेरजेचा एक भाग रशियाचा अव्वल स्कीपटू अलेक्सांद्र बोल्शुनोव तिथे नव्हता, हाही होता.

भारताचं नाव या पंगतीत येतं ते अगदी शेवटच्या पानावर. ताशी लुंडुप 2010 ला, नदीम इक्बाल 2014 ला, जगदीश सिंग 2018 ला: दर वेळी एकटा माणूस. प्योंगचांगला जगदीश 103 वा आला. 2022 ला या खेळात कुणीच नव्हतं. तिथे मेणाची गाडी सोडाच, मेण लावणारा सोबत असला तरी पुष्कळ.

रुकाचे निकाल हाती येतील तेव्हा पहिल्या पाचांत बहुधा तीच नावं असतील आणि बारा सुवर्णांचं गणित पुन्हा मांडलं जाईल. तिथला नोव्हेंबरचा बर्फ थंड, कोरडा आणि उत्तरेचा असतो. तेसेरोबद्दल तो फार थोडं सांगतो. मी तक्ता सहाव्या क्रमांकापासून खाली वाचणार आहे. पंधराव्यापर्यंत किती फ्रेंच, किती इटालियन आणि चढावर किती सेकंदांनी मागे, हे बघायला.