चित्रातील झाड आणि रानातील झाड : वारली कलेच्या गौरवाची एक चिकित्सा

दि. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात दोन उद्घाटने झाली. वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी या बंजारा समाजाच्या तीर्थक्षेत्री बंजारा विरासत संग्रहालय खुले झाले आणि मुंबईत मेट्रो-३ चा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा सुरू झाला. याच मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे वसाहतीतील २,१४१ झाडे तोडण्यात आली होती. एकीकडे परंपरेचे जतन आणि दुसरीकडे परंपरेच्या आधाराचाच नाश, ही विसंगती चिकित्सेस पात्र आहे.

आरेच्या पाड्यांवर राहणाऱ्या वारली समाजाच्या जीवनदृष्टीत झाड हे निसर्गदृश्य नसून दैवताचे सान्निध्य आहे. लग्नचौकात सुवासिनी तांदळाच्या पिठाने पालघट देवी रेखाटतात. ती सर्जनाची देवता असल्याने तिच्याभोवती झाडे येतात. हिरवा देव, वाघोबा यांचा अधिवासही रानातच मानला जातो. तोडलेले प्रत्येक झाड पूजिले जात होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र जेथे रान हेच देवस्थान असते, तेथे एकेका झाडाचे पावित्र्य वेगळे सिद्ध करण्याची अपेक्षाच गैरलागू ठरते.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही कला पाड्याबाहेर आली. २०११ मध्ये जिव्या सोमा म्हसे यांना ‘पद्मश्री’ मिळाली. पुढे वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. या गौरवाने कलावंतांना प्रतिष्ठा व उपजीविका दिली, हे नाकारता येत नाही. परंतु कुडाच्या भिंतीवरील झाड कागदावर व कापडावर उतरताच ते भूमीपासून सुटे झाले आणि चित्र टिकले म्हणजे संस्कृती टिकली, असा सोयीचा समज नागर समाजात रुजला.

मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या व त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर बहुतेक झाडे पडली होती. आरे हे ‘वन’ आहे काय आणि तोडीच्या बदल्यात किती रोपे लावली, याभोवतीच वाद फिरत राहिला. पर्यायी लागवड हे संख्येला दिलेले उत्तर आहे, श्रद्धेला नव्हे. पोहरादेवीला येणाऱ्या भाविकास हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. संत सेवालाल महाराजांच्या समाधीची प्रतिकृती संग्रहालयात मांडता येईल, पण तिने समाधीस्थानाची भरपाई होणार नाही.

हा भेद कायद्यालाही अपरिचित नाही. ओडिशातील नियमगिरी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी डोंगरिया कोंध समाजाच्या धार्मिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. तेथे श्रद्धा असणाऱ्यांनाच विचारले गेले. आदिवासी कलेचा गौरव करणाऱ्या समीक्षेनेही चित्राच्या रेषेसोबत त्या रेषेला आधार देणाऱ्या भूमीची विचारपूस केली पाहिजे. अन्यथा तो गौरव उरलेल्या वस्तूंची नोंदवही ठरतो.