धीर देणारे पुस्तक

दिवाळीत पहिल्या वेचणीचा कापूस घरात येतो आणि वाचनमंडळात प्रश्न निघतो: सर्वांनी मिळून वाचावे, मनाला उमेद यावी, असे पुस्तक कोणते? उपदेशपर पुस्तकांची वाण नाही; पण यशाच्या युक्त्या नापिकीच्या साली कामाला येत नाहीत. यवतमाळला २०१९ साली भरलेल्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन शेतकऱ्याच्या विधवा वैशाली येडे यांनी केले. अशा जिल्ह्यात दुःख झाकणारे पुस्तक चालायचे नाही.

म्हणूनच मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सुचवितो. तिचा पहिला भाग १९३४ साली निघाला. वडिलांचे कडक सोवळे, १८९५ साली पतीने केलेले धर्मांतर, मग ताटातूट. इतके सोसूनही बाई कपाळाला हात लावून बसत नाहीत. हसतात त्या आधी स्वतःलाच. आपला भाबडेपणा उघडा करतात, पण कोणावर सूड उगवीत नाहीत. पुढे पुढे प्रसंगांची गर्दी होते, हे खरे. तरी लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या या बाईंची भाषा घरच्या बोलण्यासारखी आहे. ती मोठ्याने वाचली की आजीपासून नातवापर्यंत सारे ऐकत बसतात. फराळानंतर रोज एक प्रकरण वाचून पाहावे.