‘लिसिडस’, गवळण आणि परीक्षेतील एक प्रश्न

अभिजात इंग्रजी कवितेच्या विद्यापीठीय परीक्षेत मिल्टनच्या ‘लिसिडस’विषयीचा एक प्रश्न ओळखीचा आहे: या विलापिकेतील शोक खरा मानता येईल काय? हा प्रश्न मुळात सॅम्युएल जॉन्सनचा. १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिल्टनचरित्रात त्याने आक्षेप घेतला की, कवी आणि त्याचा दिवंगत सहाध्यायी यांनी कधीच मेंढरे राखली नव्हती, आणि खऱ्या दुःखाला कल्पनाविलासाची सवड नसते. विद्यार्थी हे मत नोंदवतो, त्याविरुद्धची मते मांडतो आणि ‘समतोल’ निष्कर्ष काढतो. कविता मात्र उत्तराबाहेरच राहते.

कविता ही कवीच्या भावनेची साक्ष होय, हे या प्रश्नामागील गृहीतक आहे. मराठी विद्यार्थी स्वतःच्या परंपरेतील काव्य वाचताना ते कधीच पाळत नाही. पैठणच्या एकनाथांनी मथुरेच्या बाजारी दूध-दही नेले नव्हते, म्हणून त्यांच्या गवळणींतील भक्ती खोटी, असे कोणी म्हणत नाही. गोपीचा आवाज हा भक्तीवरचा मुखवटा नसून भक्तीचे साधनच आहे, हे तो जाणतो. ही जाण त्याने इंग्रजीच्या पेपरात बाजूला ठेवावी, असे कोणतेही वाङ्मयीन कारण नाही.

अर्थात हे साम्य ताणण्यात अर्थ नाही. गवळणीतील संकेत बहुधा अखंड राहतो. मिल्टन तो वारंवार मोडतो. १६३७ मध्ये आयरिश समुद्रात बुडालेला एडवर्ड किंग धर्मोपदेशक होणार होता, आणि ख्रिस्ती परिभाषेत धर्मोपदेशकही मेंढपाळच. या श्लेषाच्या वाटेनेच संत पीटर कवितेत येतो आणि कळपाला उपाशी ठेवणाऱ्या धर्माधिकाऱ्यांचा धिक्कार करतो. पुढे कवी शवपेटिकेवर वाहण्यासाठी फुलांची नावे घेतो आणि लगेच त्याला उमगते की, वाहायला देहच नाही. तो समुद्राकडे आहे. शोकाचा खरा आघात येथे होतो. फुलांचा संकेत आधी उभा केला नसता, तर त्याचे हे कोसळणे जाणवलेच नसते. १९३ ओळींच्या या कवितेच्या अखेरच्या आठ ओळींत तर बोलणाराच बदलतो आणि आतापर्यंतचा विलाप एका अनाम मेंढपाळाचे गाणे ठरतो.

तेव्हा शोक खरा की कृत्रिम, हा पर्यायच अपुरा आहे. संकेत कोठे टिकतो, कोठे मोडतो आणि त्या मोडण्याने काय साधते, असे विचारायला हवे. या प्रश्नाचे उत्तर पाठ केलेल्या मतांतून देता येत नाही. त्यासाठी संहिता परीक्षार्थीच्या हाती असावी लागते. संहितेशिवाय घेतलेली काव्याची परीक्षा ही समीक्षकांच्या मतांचीच परीक्षा ठरते.